समोर बसवा

१

सकाळी आठला मी गिरणीचं शटर वर करते. आधी गहू, मग ज्वारी, डाळ सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडला की बायांच्या पोळ्या बिघडतात आणि शिव्या मला बसतात. दुपारी बारा ते तीन लाईट जाते. तेव्हा मी पीठ झाडते, डबे ओळीनं लावते आणि भिंतीला पाठ टेकून भाकरी खाते. त्या भिंतीच्या पलीकडं आमचं माजघर. गिरणी आणि घर, मधी एकच भिंत. झरीत कुणालाही विचारा, मल्लम्मा दुपारची कुठं सापडेल, तर त्या भिंतीचंच नाव सांगतील.

मी चौथी शिकलेली बाई. लिहायला मला वेळ लागतो. तरी लिहायलेय, त्याला कारण आहे. फोन करून सांगितलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं. फोन का केला नाही ते शेवटी कळेल.

दोन वर्षांपासून माझा आणखी एक धंदा होता, बिनपैशाचा. खोट्या कर्जाच्या वसुलीचा फोन ज्याला येई तो पळत गिरणीत येई. आक्का, जरा याच्याशी बोला. मग मी बोलायची. सुकेशनी मॅडम म्हणून परभणीच्या पोलीसबाई आहेत, त्या एकदा आमच्या बचत गटाच्या बैठकीत सांगून गेल्या होत्या. खऱ्या कर्जाला कागद असतो, कागद मागा. कंपनीचं नाव आणि पत्ता मागा. फोनवर आलेला आकडा कुणाला सांगू नका. आणि काही झालं तरी फोनवर 'हो' म्हणू नका, तो शब्द कापून कुठंही चिकटवतात. मी एवढं पाठ केलं आणि वरून माझ्या पदरच्या शिव्या जोडल्या. भागवत मास्तरांना सात दिवस छळणारा माणूस माझ्या एका फोनात गप झाला. गावात माझं नाव झालं. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मला फोन आला तो अशाच लाईट गेलेल्या दुपारी. कमलबाई ज्वारीचा डबा घेऊन समोर बसलेली, लाईटीची वाट बघत. मी नेहमीसारखा फोनचा आवाज मोठा करून ठेवला, तिलाही ऐकू जावं म्हणून. माणूस लय अदबीनं बोलला. वसुली विभागातून बोलतोय ताई, मन्मथअप्पांच्या घरी लागला का फोन. मी कंपनीचं नाव विचारलं. ते त्यानं सांगितलं नाही. अप्पांनी चाळीस हजार उचललेत म्हणाला आणि कर्जाची तारीख सांगितली.

तारीख ऐकून मला हसू आलं. मन्मथअप्पा म्हणजे आमचे मालक. त्या तारखेला त्यांना जाऊन अकरा महिने झाले होते.

मी कागद मागितला. तो म्हणाला, कागद येईल. मग माझ्या तोंडातून ते गेलं. रागानं नाही, मजेत गेलं. कमलबाईला हसवायला गेलं.

"असं करा साहेब. ज्यानं कर्ज घेतलं त्याला आणा आणि माझ्यासमोर बसवा. त्यानं मान हलवली की दाण्या दाण्यानं फेडते."

पलीकडं थोडा वेळ कुणी बोललं नाही.

"ठीक आहे ताई," तो म्हणाला. "तशी नोंद घेतो."

२

त्याचं बोलणं थांबलं होतं तेवढ्या वेळात मला त्याच्या मागचा आवाज ऐकू आला.

तो आवाज कसा होता ते सांगायला आमची जुनी गिरणी सांगावी लागेल. तिला कातडी पट्टा होता, हातभर रुंद. तो दोनदा तुटला आणि दोन्ही वेळा मालकांनी स्वतः वादी ओवून शिवला. दोन जोड जवळजवळ आले. त्यामुळं पट्टा फिरताना प्रत्येक फेरीला आधी एक ठक व्हायचं आणि लगेच मागून ठकाक. ठक, ठकाक. बावीस वर्षं मी ते ऐकत स्वयंपाक केला. ऋतुजा पाळण्यात असताना गिरणी थांबली की जागी व्हायची, एवढी तिला सवय.

मालक गेल्यावर ती गिरणी भंगारात दिली. पीठ छातीत बसूनच ते गेले होते. शेवटी शेवटी श्वास घेताना छातीतून बारीक शिट्टी वाजायची. मला त्या गिरणीचं तोंड बघवेना. नवी आणली, तिला रबरी बारके पट्टे आहेत. ती नुसती घूं करते.

फोनमध्ये जुनी गिरणी चालू होती.

मी फोन कापला. मनाला म्हणलं, जुनी गिरणी का एकच होती? कुठल्यातरी गावातून बोलत असेल, शेजारी गिरणी असेल, पट्टा असेल, तुटला असेल. दोन ठिकाणी तुटला असेल. तरी खात्री करावी म्हणून कमलबाईला विचारलं, तुला काही ऐकू आलं का गं.

"कशाचं?"

"मागं काहीतरी वाजत होतं."

"गिरणीच की. तुझीच." ती डब्याचं झाकण काढत म्हणाली. "चालूच हाय ना? मला वाटलं लाईट आली."

मग तिनं माझ्या गिरणीकडं बघितलं. बटण खाली होतं. वरचा लाल दिवा विझलेला होता. ती उठली. डबा तिथंच ठेवून, संध्याकाळी येते म्हणून निघून गेली.

३

तिसऱ्या दिवशी फोनवर फोटो आला. खाली एक ओळ होती: कर्जदाराचा अर्ज भरतानाचा फोटो.

फोटोत मालक बसलेले. अंगात पांढरा सदरा, डोकं उघडं, कपाळावर विभूतीच्या तीन ओळी. मांडी घातलेली, पाठ आणि डोकं माजघरातल्या निळ्या भिंतीला टेकलेलं, डाव्या तळहातावर गळ्यात बांधतात ते इष्टलिंग. डोळे अर्धे मिटलेले, जेवण झाल्यावर माणूस पेंगतं तसे.

ज्यांना आमची रीत माहीत नाही त्यांना सांगते. आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत आणि जाळतही नाहीत. अंघोळ घालून, तेल लावून, विभूती लावून भिंतीशी मांडी घालून बसवतात. पूजेला बसल्यासारखं. तसंच बसलेलं नेऊन मातीत ठेवतात. हा फोटो त्या दिवशीचा होता, हार घालायच्या आधीचा.

फोटो काढला होता विरेशनं, माझ्या दिरांच्या मुलानं. त्याला बोलावून पुढ्यात उभं केलं. खाली मान घालून त्यानं सांगितलं की मागं एकदा अडचणीत त्यानं फोनवरच्या कसल्या तरी ॲपवरून तीन हजार घेतले होते. ॲपनं फोटो बघायची परवानगी मागितली, यानं दिली.

"समदे फोटो उचलले असतील काकू त्यायनी."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कुठंतरी लांब बसलेल्या एखाद्यानं चोरलेल्या फोटोंच्या ढिगातून हा उचलला. त्याला आमची रीत काय माहीत? माणूस बसलेला दिसला, त्यानं जिवंत धरला. मेलेल्याचा फोटो लावून खोटा अर्ज केला आणि तो फोटो मलाच पुरावा म्हणून पाठवला. मी एवढी हसले की ठसका लागला. सुकेशनी मॅडमला फोन करून सांगितलं, तर त्याही हसल्या.

"आक्का, तुमच्या मालकांनी गेल्यावरबी चोर पकडून दिला बघा. सोमवारी फोन घेऊन या, तक्रार घेते. तवर एक रुपया देऊ नका."

त्या दिवशी मला धीर आला. गिरणीच्या आवाजाचंही मी काहीतरी ठरवून टाकलं. त्या ॲपनं विरेशच्या फोनमधले फोटो नेले, तसा एखादा व्हिडिओही नेला असेल, त्यात गिरणी वाजत असेल. असं सगळं नीट बसलं.

४

रविवारी दुपारी दुसरा फोटो आला. तेच मालक, तोच सदरा, तीच मांडी. पण मागची भिंत लिंबोणी.

मालक गेले तेव्हा माजघर निळं होतं. लिंबोणी रंग मागच्या दिवाळीत दिला.

मी लगेच सुकेशनी मॅडमला लावला. त्या म्हणाल्या, कॉम्प्युटरवर भिंत बदलणं दोन मिनिटांचं काम आहे आक्का, तुमच्या घराचा फोटो कुणी टाकला होता का कुठं? टाकला होता. ऋतुजानं दिवाळीला रांगोळीचा व्हिडिओ टाकला होता, त्यात माजघर दिसत होतं. झालं. हेही बसलं. मी फोन ठेवला आणि फोटो पुन्हा नीट बघितला.

गेले त्या दिवशी मालक तीन तास भिंतीला टेकून होते. डोक्याला करडईचं तेल थापलेलं. त्यांना उचललं तेव्हा भिंतीवर ताटलीएवढा तेलकट डाग राहिला. दिवाळीत रंगारी सितारामनं त्याच्यावर दोन हात मारले, तरी आठ दिवसांत डाग वर आला. मग मी त्याच्यावर कॅलेंडर टांगलं. रांगोळीच्या व्हिडिओत ते कॅलेंडर आहे. डाग कुणाला दिसत नाही.

फोटोत कॅलेंडर हातभर सरकवून दुसऱ्या खिळ्याला लावलेलं होतं. आणि मालकांचं डोकं बरोबर डागावर टेकलेलं.

मी उठून माजघरात गेले. दुपारचा उन्हाचा पट्टा खिडकीतून आत पडला होता, कोनाड्यातली घंटीसुद्धा स्वच्छ दिसत होती. भिण्यासारखं काही नव्हतं. कॅलेंडर दुसऱ्या खिळ्याला होतं.

मी सरकवलं नव्हतं. घरात दुसरं कुणी नाही. मी मनाशी म्हणलं, एकादशी बघायला कमलबाईनं काढलं असेल. कमलबाई माझ्या माजघरात कधी गेली, हे मला आठवेना. मी जवळ गेले आणि डागाला बोट लावलं. अडीच वर्षांचा डाग. बोट ओलं झालं. वास घेतला, करडईचं तेल.

त्यानंतर मला फोटोतली आणखी एक गोष्ट दिसली. डावा तळहात रिकामा होता. लिंग नव्हतं. पहिल्या फोटोत होतं, आणि मातीत ठेवताना ते त्या हातावर मी स्वतः बघितलं होतं. आता हात नुसता उघडा, पुढं केलेला, कुणी काहीतरी द्यावं म्हणून धरतात तसा.

तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, फोटो मिळाला ना? तुमच्या म्हणण्याप्रमाणं अप्पांना दोन दिवस तुमच्याकडं बसवलं."

मी तेलाचं बोट पदराला पुसलं.

"पण तुम्ही भिंतीकडं पाठ करून बसता. तुम्ही अलीकडून टेकता, ते पलीकडून टेकतात. मान हलवलेली तुम्हाला दिसणार कशी?" तो अजून अदबीनंच बोलत होता. मागं ठक, ठकाक चालूच. "म्हणून आता जामीनदाराकडं बसवतो. अर्जात नाव आहे. ऋतुजा मन्मथअप्पा."

५

ऋतुजा माझी एकुलती. परभणीला कॉलेजात शिकते, जिंतूर रोडला एका घरात वरच्या मजल्यावर खोली करून राहते. तिला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. वाजून वाजून बंद पडला.

सुकेशनी मॅडम या खेपेला हसल्या नाहीत. म्हणाल्या, पैशाचं सोडा आक्का, आधी पोरीकडं जा. हे लोक घरच्यांना सोडून पोरींना धरतात. फोटो सगळ्यांना पाठवतो म्हणतात, पोरी भितात आणि जिवाचं काहीबाही करून घेतात. मी बंदोबस्ताला बाहेरगावी हाय, पण मीबी तिकडं निघते.

मी गिरणीला कुलूप लावलं. डबे तसेच, पीठ तसंच. फाट्यावर काळी-पिवळी जीप उभी होती, तिच्यात बसले. अंगावर पिठाची साडी, पायात एक चप्पल एका रंगाची, दुसरी दुसऱ्या. हे मला परभणी आल्यावर कळलं.

रस्त्यात तिसरा फोटो आला.

गुलाबी भिंत. खिळ्याला ऋतुजाची ओढणी. लोखंडी खाट, तिच्यावर मी शिवलेली वाकळ, आणि वाकळीवर मालक, मांडी घालून. हा फोटो जवळून काढलेला होता, म्हणून डोळे दिसत होते. आधीच्या दोन्ही फोटोंत डोळे अर्धे मिटलेले होते. यात जरा जास्त उघडे होते. फार नाही. जागं होणारं माणूस आधी एवढेच उघडतं.

शेजारच्या बाईनं डोकावून विचारलं, तुमचे मालक का? मी हो म्हणणार होते. शब्द गिळला आणि नुसती मान हलवली. मान कुणी हलवायची ठरली होती, हे मला तेव्हा आठवलं.

सगळ्या वाटेनं मी मनाला सांगत होते. वाकळ तिच्या कुठल्यातरी फोटोत असेल. ओढणी असेल. डोळे कॉम्प्युटरवर उघडता येत असतील. पोरगी घाबरली असेल, बाकी काही नाही. आपण जाऊ, फोन फोडू, तिला घेऊन घरी येऊ. झरीपासून परभणी किती लांब आहे! एवढं लांब मला त्या दिवशीच वाटलं.

६

दार नुसतं लोटलेलं होतं. ऋतुजा खाली फरशीवर बसलेली, खाटेच्या पायथ्याशी, फोन पुढ्यात. फोन थरथरत होता आणि ती त्याच्याकडं बघत होती. भर दुपारची वेळ. खाली रस्त्यावर ऑटो ओरडत होते, समोरच्या गच्चीवर कुणीतरी कुरडया वाळत घालत होतं.

"उचलला का न्हाईस गं माझा फोन?"

"तुझा कोणता अन् त्याचा कोणता कळना आई," ती म्हणाली. "त्याचे बी तुझ्याच नावानं यायलेत."

मी तिच्याजवळ बसले. हात धरला, गार होता. विचारलं, काय म्हणतोय तो.

"नुसतं हो म्हण म्हणतोय. मी म्हणले न्हाई. तू सांगितलं होतंस ना."

"शाबास. मग?"

"मग म्हणतो, अप्पाला फोन देतो."

"देऊ दे. खोटं असतंय ते."

तिनं माझ्याकडं बघितलं. लहानपणी ताप आला की असं बघायची.

"देतो, आई."

मी तिचा गार हात चोळला. म्हणलं, खाटेवर बस तरी, फरशी गार आहे. तिनं मान हलवून नको म्हणलं. तेव्हा मी खाटेकडं नीट बघितलं. वाकळीच्या मधोमध खळगा पडला होता, गोल, रुंद, जड माणूस मांडी घालून लय वेळ बसून उठल्यावर पडतो तसा. त्याच्या वर गुलाबी भिंतीवर ताटलीएवढा डाग. ओला. खोलीत करडईच्या तेलाचा वास होता, मी आत आल्याबरोबर आला होता. मी आपलं तिनं डोक्याला लावलं असेल म्हणून सोडून दिलं होतं.

फोन वाजला. पडद्यावर माझं नाव आलं. माझा फोन माझ्या पिशवीत होता. मी तिचा फोन उचलला आणि दाराकडं तोंड करून उभी राहिले. दाराजवळ वेणी घालायचा बारका आरसा टांगलेला होता.

"ताई, पोचलात? बरं झालं," तो म्हणाला. "आता एकदाचं मिटवून टाकू. जामीनदारानं हो म्हणायचं, बस."

मी मला येत होतं ते सगळं म्हणलं. कागद दाखव म्हणलं, कंपनीचा पत्ता दे म्हणलं, पोलीसबाई निघाल्यात म्हणलं. शिव्याही दिल्या. तो ऐकून घेत होता. मग मागची गिरणी थांबली.

ऋतुजा पाळण्यात असताना गिरणी थांबली की जागी व्हायची. माझ्या मागं तिनं श्वास आत ओढला, तो मला ऐकू आला.

त्या शांततेत फोनमधून शिट्टी आली. बारीक, लांब. श्वास आत जाताना शिट्टी, मग थोडं थांबून पुन्हा शिट्टी. शेवटची दोन वर्षं मी त्या शिट्टीच्या शेजारी झोपले आहे. ती कुठल्याही व्हिडिओत नाही. मालक माणसांसमोर श्वास दाबून धरायचे, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

पुढचा श्वास फोनमधून आला नाही. तो खोलीतून आला.

"आई," ऋतुजा हळूच म्हणाली, "मागं बघू नको."

मी मागं बघितलं नाही. आरशात दिसलं तेवढंच सांगते. आरसा बारका, त्यात खाटेचा एक कोपरा मावत होता. पांढऱ्या धोतराचा गुडघा. त्याच्यावर डावा हात, तळवा उघडा, बोटांच्या पेरांत ओली काळी माती. हात गुडघ्यावरून खाली सरकत होता. खाली फरशीवर ऋतुजाची वेणी होती. वर आरशाच्या कडेला हनुवटी तेवढी दिसत होती.

हनुवटी खाली गेली. पुन्हा वर आली.

मान हलली होती.

"बघितलंत ना ताई," फोनमधला माणूस म्हणाला. "तुमचाच शब्द होता."

"पोरीचं नाव काढा."

"जामीनदार बदलता येतो. पण कुणीतरी लागतं."

सुकेशनी मॅडमनी शिकवलेलं सगळं मला त्या वेळी आठवत होतं. एकही अक्षर विसरले नव्हते. हात वेणीपर्यंत पोचला होता.

"हो," मी म्हणलं.

७

ऋतुजाला मी त्याच दिवशी घेऊन आले. सुकेशनी मॅडम जिन्यात भेटल्या. त्यांनी खोली बघितली, डाग बघितला, ओल आली असेल म्हणाल्या, तक्रार लिहून घेतली. चाळीस हजारांचं नाव पुन्हा निघालं नाही. ऋतुजाला फोन आला नाही, फोटो आला नाही. माझ्या फोनमधले तिन्ही फोटो आपोआप गेले. मी पुसले नव्हते. आठ दिवसांनी ती पोटभर जेवली. आता ती तिच्या मावशीकडं चुडाव्याला आहे, तिथून रेल्वेनं कॉलेजला जाते. हसतेसुद्धा.

ते मालक होते का, म्हणून तिनं एकदा विचारलं. मी नाही म्हणलं. मालक असते तर लेकीच्या वेणीकडं हात केला नसता. एवढं मी ठरवून टाकलंय, त्याच्या पुढं मी विचार करत नाही.

नवव्या दिवशी कमलबाई ज्वारी घेऊन आली. लाईट होती, गिरणी चालू होती, मी तिच्यासमोर तिचीच ज्वारी खोक्यात ओतत होते. तिचा फोन वाजला. तिनं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, मग पुन्हा फोनकडं. माझा फोन बंद करून पिठाच्या डब्यात ठेवलेला, तो मी तिला काढून दाखवला. तरी तिनं काय समजून आपला फोन उचलला कोण जाणे. आवाज मोठा केला.

"कमल, मी मल्लम्मा बोलायले. एक बारकं काम हाय गं तुझ्याकडं. जास्त काही न्हाई, नुसतं हो म्हण."

माझा आवाज. माझं खाकरणं. 'गं' लांबवायची माझीच सवय. आणि मागं, माझ्या चालू गिरणीच्या घूं आवाजात मिसळून, ठक, ठकाक.

कमलबाईचं तोंड उघडंच होतं. ती काही म्हणायच्या आत मी फोन हिसकून कापला.

तर कारण हे. हे लिहून मी भागवत मास्तरांकडं देणार आहे, ते छापून वाटतील. माझ्या आवाजात तुम्हाला फोन आला तर तो कापा. मी रडत असले तरी कापा. मी कुणालाच फोन करत नाही आता. कुणी कर्ज सांगितलं तर कागद मागा, कंपनीचं नाव आणि पत्ता मागा, आकडा सांगू नका, हो म्हणू नका, पोलिसांकडं जा. आणि तोंड आवरा. माझ्यासारखं मजेत कुणाला समोर बसवायला सांगू नका.

काल सितारामला बोलावून माजघराची भिंत विटेपर्यंत खरवडून घेतली. डाग गेला. आज सकाळी गिरणीत आले तर अलीकडच्या बाजूला, मी जिथं भाकरी खायची तिथं, नवा डाग आहे. ताटलीएवढा, ओला. मालकांच्या डागापेक्षा वीतभर खाली. मी मालकांपेक्षा तेवढीच बुटकी आहे.

तिथं टेकून मी बघितलं नाही. सकाळपासून हे सगळं उभ्यानं लिहिलंय, पिठाच्या फळीवर वही ठेवून. आता बारा वाजत आलेत, लाईट जायची वेळ झाली. पाय भरून आलेत. पण मी बसणार नाही.